मशीहा : आलेला कीं यावयाचा?

धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें गांव आपणां सर्वांस गोरोबाकाकांचें म्हणून परिचित आहे. इतिहासाच्या अभ्यासकांस तें आणखी एका कारणानें ठाऊक असतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक नाविकानें लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नामक ग्रंथांत ज्या तगर नगराचा उल्लेख आहे तें हेंच तेर, असें बहुतेक विद्वान् मानतात. तेथील सुती कापड व मलमल गाड्यांतून भडोच बंदरीं जाई आणि तेथून तांबड्या समुद्राच्या वाटेनें रोमन साम्राज्यांत पोहोंचे. तेरचें वस्तुसंग्रहालय आम्हीं पुष्कळ वेळां पाहिलें आहे, आणि दर वेळीं मनांत येतें कीं, याच शतकांत त्या साम्राज्याच्या एका लहानशा पूर्वेकडील प्रांतांत एक वाद जन्मास आला, व तो अद्याप मिटलेला नाहीं. तो वाद पुढें आमच्या कोंकणांत आला आणि मराठींत बोलला गेला, ही गोष्ट मात्र थोड्यांसच माहीत असते.

वादाचा गाभा एका शब्दांत आहे. हिब्रू भाषेंत ‘माशीआह’ म्हणजे ज्यास तेलाचा अभिषेक झाला आहे तो. शौल, दावीद इत्यादि राजांस असा अभिषेक होई. यशयाच्या ग्रंथांत तर कोरेश या परधर्मी इराणी राजासहि हाच शब्द लाविला आहे. ग्रीकांत त्याचें भाषांतर ‘ख्रिस्तोस’ झालें. मराठी बायबलाच्या जुन्या करारांत ‘अभिषिक्त’ व नव्या करारांत ‘ख्रिस्त’ असे शब्द आल्यामुळें हे दोन्ही मूळचे एकच, हें आमच्या वाचकास सहसा उमगत नाहीं.

ख्रिस्ती मताप्रमाणें नासरेथचा येशू हाच तो अभिषिक्त. त्यानें मरण सोसून व पुनरुत्थित होऊन मनुष्याचें तारण साधलें. जें राहिलें तें त्याच्या दुसऱ्या आगमनीं पुरें होईल. यहुदी म्हणतात, मशीहा हा दाविदाच्या कुळांतील मनुष्यच असणार, आणि त्याची ओळख त्याच्या कार्यावरूनच पटणार. तो यरुशलेमचें मंदिर पुन्हां उभारील, पांगलेल्या इस्रायलास एकत्र करील. ज्याच्या हातून हें झालें नाहीं तो मशीहा नव्हे, अशी रोखठोक कसोटी बाराव्या शतकांत मैमोनिदीस या पंडितानें घालून दिली. ती येशूपुरती होती असेंहि नाहीं. रोमविरुद्ध इ. स. १३२ त उठलेल्या बार कोखबास रब्बी अकीवासारख्या थोर पुरुषानें मशीहा मानिलें होतें. १३५ त तो पडला आणि तो दावाहि त्याच्याबरोबर संपला. गोरोबांनीं थापटणें हातीं घेऊन संतमंडळीचीं डोकीं ठोकून पाहिलीं व नामदेवांस कच्चें मडकें ठरविलें, ही कथा येथें आठवल्याविना राहत नाहीं.

यूरोपांत हा वाद ग्रंथापुरता राहिला नाहीं. १४९२ सालीं स्पेननें यहुद्यांपुढें बाप्तिस्मा कीं देशत्याग असा प्रश्न टाकला. अशा ठिकाणीं एखाद्या यहुद्यानें येशूस नाकारिलें तर तें शास्त्रामुळें कीं छळणाऱ्यांच्या तिरस्कारामुळें, हें कोण सांगणार? कोंकणांतील बेने इस्रायलांची गोष्ट निराळी. अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा. ते घाण्यावर तेल काढीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. त्यांचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या मतें हे पूर्वज ख्रिस्तपूर्व १७५ च्या सुमारास मायदेशांतून निघाले. हें मत सर्वांस मान्य नाहीं. पण तें खरें धरलें तर येशूच्या वेळीं या लोकांचे पूर्वज त्या देशांत नव्हतेच! छळाची आठवण नाहीं, हिब्रू जवळजवळ विसरलेली, ‘शमा’ ही प्रार्थना, सुंता व शब्बाथ तेवढे टिकलेले. मिशनऱ्यांस याहून अनुकूल भूमि कोठें मिळणार होती?

ख्रिस्ती बाजू मराठींत पूर्वींच मांडली गेली होती. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’चा पहिला भाग जुन्या कराराच्या कथेनेंच भरलेला आहे; परंतु त्यास उत्तर देणारा यहुदी तेथें नव्हता. अमेरिकन मिशन १८१३ त मुंबईस आलें. १८२६ सालीं मायकेल सार्गन या ख्रिस्ती झालेल्या कोचिनी यहुद्यानें बेने इस्रायलांकरितां शाळा काढल्या. १८२९ त जॉन विल्सन आले, आणि १८३२ सालीं त्यांनीं या समाजाकरितां मराठींत हिब्रूचें व्याकरण छापलें. हेतु उघड होता : आपलें शास्त्र वाचतां आलें कीं त्यांतला येशू त्यांस दिसेल.

झालें तें उलट. मुलें शाळेंत गेलीं, शिकलीं. बाप्तिस्मा घेणारे मात्र फारच थोडे निघाले. याचें कारण आम्हांस त्या व्याकरणांतच दिसतें. यशयाच्या सातव्या अध्यायांतील ‘कुमारी गर्भवती होईल’ हें वचन मत्तयानें येशूच्या जन्मास लाविलें. पण मूळ शब्द ‘अल्मा’, म्हणजे तरुणी, आणि ‘कुमारी’ हा अर्थ ग्रीक भाषांतरानें पक्का केला. ज्याच्या हातीं मूळ भाषा आली त्यास हें पडताळून पाहतां येतें. पुढें जोसेफ एझिकेल राजपूरकर यांच्यासारख्या पंडितांनीं प्रार्थनाग्रंथ मराठींत आणिले, आणि १८७४ सालीं पुण्यास वल्हांडणाची हगादा मराठी भाषांतरासह छापून निघाली. विल्सनसाहेबांनीं धर्मांतरासाठीं पेरलें आणि यहुदी धर्म उगवला, असें म्हटलें तर त्यांच्या विद्येचा अपमान होत नाहीं. उलट तो गौरवच होय.

तरी आमच्या मतें खरें उत्तर ग्रंथापेक्षां घरांतल्या ताटांत होतें. अग्निरथांतून स्वर्गास गेलेला संदेष्टा एलिया परमेश्वराच्या महान् दिवसापूर्वीं पुन्हां येईल, असें मलाखीच्या ग्रंथांत आहे. तो मशीहाचा अग्रदूत. मत्तयाच्या शुभवर्तमानांत येशू म्हणतो, एलिया येऊन गेला. बाप्तिस्मा करणारा योहान तोच. बेने इस्रायलांचा ‘एलियाहू हन्नबी’ मात्र अद्याप यावयाचा आहे, आणि आजहि तो त्यांच्या घरचाच आहे. लग्न असो, नवस असो, नवें घर असो, पोहे, गूळ व खोबरें यांचा मलिदा फळांसह ताटांत मांडून त्याची आळवणी होते. अलिबागेजवळ खंडाळे येथें खडकावर त्याच्या रथाची खूण आहे, अशी त्यांची श्रद्धा. ज्याची प्रत्येक शुभकार्यीं वाट पाहावयाची तो अठराशें वर्षांपूर्वींच येऊन गेला, हें त्यांना कोणी कसें पटवावें? ख्रिस्ती मनुष्याची श्रद्धाहि तितकीच सखोल आहे, हें आम्ही जाणतों. त्याच्या दृष्टीनें मशीहाचें दुःख भोगणें हेंच त्याचें राज्य. यहुद्यास राज्याची खूण बाहेर, जगांत दिसावी लागते. जोंवर तरवारींचे फाळ झालेले नाहींत, तोंवर तो म्हणणार, अजून नाहीं.

१९४८ नंतर या समाजांतील बहुतेक लोक इस्रायलास गेले. तेथें धर्माधिकाऱ्यांनीं त्यांच्या यहुदीपणाचीच शंका काढली. ती मिटण्यास १९६४ साल उजाडावें लागलें. आतां लोद, अश्दोद, दिमोना या गांवीं मलिद्याचीं ताटें भरतात, आणि सुटींत कोंकणांत आलेलीं कुटुंबें खंडाळ्याच्या त्या खडकापाशीं थांबून जातात.