रेशीमकिडे : आरोग्य व शेडची स्वच्छता

सोलापूर जिल्ह्यात तुतीवर रेशीमकिडे पाळले जातात. बार्शी तालुक्यातील वैरागसारख्या कोरड्या पट्ट्यात या कामाची खरी कसोटी उन्हाळ्यात लागते. बाहेर पारा चाळिशीपार गेला, तरी प्रौढ अळ्यांना २४ ते २६ अंश से. तापमान आणि सुमारे ७० टक्के आर्द्रता लागते. त्यासाठी शेडवर पाचट टाकतात, बाजूंना ओली पोती बांधतात.

अळी चार वेळा कात टाकते. ती कातेवर बसू लागली की पाला थांबवून बेडवर चुन्याची पातळ भुकटी धुरळतात, म्हणजे बेड कोरडा राहतो. कातेतून उठल्यावर पाला देण्याआधी 'विजेता' ही जंतुनाशक पावडर टाकतात. घाई करणारा नेमका इथेच चुकतो. ग्रासरी हा विषाणूजन्य रोग झालेल्या अळीची कातडी ताणून चकाकते व फुटल्यास दुधाळ द्रव सांडतो. त्यातील विषाणू पाल्यावाटे इतर अळ्यांच्या पोटात जातात. म्हणून अशी अळी हाताने न उचलता चिमट्याने वेचून चुन्याच्या पाण्यात टाकावी. शेडजवळ फेकणे सर्वांत वाईट. ओला किंवा धूळ बसलेला पालाही देऊ नये.

पेब्रीन हा रोग मात्र अंड्यांतूनही येतो, तेथे झाडलोट पुरत नाही. लुई पाश्चर यांनी १८६५ नंतर फ्रान्समध्ये मादी पतंग सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निरोगी अंडी निवडण्याची पद्धत रूढ केली; तीच आजही अंडीपुंज केंद्रांत चालते. अळ्यांवर जगणाऱ्या परजीवी उझी माशीला रोखण्यासाठी दारे-खिडक्यांना बारीक जाळी लावतात. कोष काढल्यावर शेड व रॅक ब्लीचिंग पावडरने धुतात.