'जिमी' मालमोटार आणि तिचे सारथी



दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास आपण वाचतों तो बहुधा सेनापतींच्या नांवांनीं. १९४४ च्या ऑगस्टांत जनरल पॅटनचें सैन्य फ्रान्समधून किती झपाट्यानें पुढें सरकलें, हें अनेकांस ठाऊक असतें. परंतु त्याच्या रणगाड्यांस पेट्रोल कोणीं आणून दिलें, हा प्रश्न शाळेच्या पुस्तकांत सहसा येत नाहीं.

तें आणलें मुख्यतः जीएमसी मालमोटारींनीं. अडीच टनी म्हणून ओळखली जाणारी ही गाडी १९४१ ते १९४५ या काळांत अमेरिकेंत पांच लाखांहून अधिक संख्येनें तयार झाली. पुढें एक आंस, मागें दोन, आणि तिन्ही आंसांस एंजिनाची शक्ति. सैनिक तिला लाडानें 'जिमी' म्हणत. फ्रान्सचे लोहमार्ग बाँबवर्षावानें उध्वस्त झाले होते. म्हणून २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ पर्यंत 'रेड बॉल एक्स्प्रेस' या नांवाची मोटारींची अखंड रांग रात्रंदिवस चालली. भरलेल्या गाड्यांस एक रस्ता, रिकाम्या परतणाऱ्यांस दुसरा. ऐन भरांत सुमारें ६,००० गाड्या धांवत होत्या. त्यांच्या सारथ्यांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय होते. अमेरिकेच्या सैन्यांत त्या वेळीं त्यांच्या तुकड्या वेगळ्या ठेवीत, आणि लढाईचा मान त्यांस क्वचितच मिळे. हा भेद मोडण्याचा हुकूम अध्यक्ष ट्रूमन यांनीं काढला तो १९४८ सालीं. आसामांतील लेडोपासून चीनमधील कुनमिंगपर्यंत १९४५ सालीं खुल्या झालेल्या रस्त्यावरहि याच जिमी धांवल्या. तो रस्ता बांधणाऱ्या अमेरिकी सैनिकांतहि कृष्णवर्णीयच बहुसंख्य होते.

या लोकांचे श्रम समजून घ्यावयाचे असतील तर त्यांची गाडी कशी हांकावी लागते तें पाहावें. युरोपांत व अमेरिकेंत हौशी लोकांनीं अशा गाड्या आजहि चालत्या ठेविल्या आहेत. हिचे गिअर आजच्या मोटारीप्रमाणें बोटाच्या इशाऱ्यानें पडत नाहींत. खालचा गिअर घालावयाचा तर क्लच दाबून दांडा मध्यें आणावा, क्लच सोडून एंजिनास किंचित् वेग द्यावा, पुन्हा क्लच दाबावा आणि मग दांडा सारावा. ताल चुकला कीं दांते करकरतात. अंधाऱ्या रात्रीं, झांकलेल्या दिव्यांच्या उजेडांत, पुढच्या गाडीपासून ठरलेलें साठ यार्डांचें अंतर राखीत हें शेंकडों वेळां करावयाचें! नियमानें वेग ताशीं २५ मैल. पण घाई एवढी कीं सारथी वेग आवरणारा 'गव्हर्नर'च निकामी करून टाकीत. ओझेंहि ठरल्याहून फार अधिक. टायर फाटले, एंजिनें झिजलीं, निगा राखावयास उसंत नव्हती. ती बेशिस्त होती असें कोणी म्हणतात. मला तें पटत नाहीं. पेट्रोल वेळेवर मागणाराच वेग मागत होता.

आज निगा राखणाऱ्यास उसंत आहे, पण अडचणी निराळ्या. ही गाडी दोन प्रकारच्या आंसांसह बनली. एकाचे सुटे भाग दुसऱ्यास चालत नाहींत, म्हणून भाग मागविण्यापूर्वीं आपल्या गाडीखालीं वांकून पाहणें प्राप्त. पुढच्या चाकांस शक्ति देणारा दांडा चिखलांत किंवा वाळूंतच ओढावा. कोरड्या पक्क्या सडकेवर तो लावलेला राहिला तर आंसांत ताण साठतो आणि दांते तुटतात. ब्रेकांस सर्वांत अधिक जपावें. चारी बाजूंच्या ब्रेकांचें द्रव एकाच मार्गानें जातें. एक जुनी रबरी नळी फुटली कीं सगळेच ब्रेक जातात. तें द्रव हवेंतील ओलावा शोषून घेतें व आंतून गंज चढतो. त्यामुळें वर्षानुवर्षें उभी असलेली गाडी धांवणाऱ्या गाडीहून लवकर बिघडते. संग्रहालयांत दोरी बांधून ठेवलेली जिमी पाहून मला म्हणूनच आनंद होत नाहीं.

फेरी संपल्यावर जाणता सारथी लगेच घरीं जात नाहीं. तो गाडीभोंवतीं फिरून प्रत्येक चाकाच्या मध्यभागावर तळहात ठेवतो. एकच चाक इतरांहून अधिक तापलें असेल, तर ब्रेक घासतो आहे किंवा बेअरिंगांतील वंगण आटलें आहे. रेड बॉलचे सारथीहि थांब्यावर गाडीभोंवतीं असेच फिरत.