उंबरठ्यावर मोजलेली किंमत

मुंबईत नोकरी लागलेला माणूस महिन्याचं भाडं पगारातून कसंबसं काढू शकतो. त्याचं घर अडतं ते त्याआधी एकरकमी मोजाव्या लागणाऱ्या पैशांपाशी. आज त्या पैशांना डिपॉझिट म्हणतात, आजोबांच्या काळी पगडी म्हणत. शहरातल्या घरटंचाईचं खापर बहुतेकदा भाडेनियंत्रण कायद्यावर फुटतं. कायद्याने भाडी गोठवली, मालकांनी भाड्यासाठी बांधणं सोडलं आणि घरं मिळेनाशी झाली, अशी ती मांडणी. तिच्यात तथ्य आहे, पण ती अपुरी आहे. या शहरात घराची खरी किंमत मासिक भाड्यात फार क्वचित दिसली. ती उंबरठ्यावरच वसूल होत आली आणि कायद्याचं लक्ष मात्र आतल्या मासिक आकड्यावर राहिलं. ज्याच्याकडे मिळकत आहे पण साठवण नाही, तो माणूस त्यामुळे शंभर वर्षं दाराबाहेर आहे.

कायदा येण्याआधी बाजार मोकळाच होता, तेव्हा काय होतं ते पाहिलं पाहिजे. 1896 च्या प्लेगने गिरण्यांच्या आसपासच्या अंधाऱ्या, कोंदट चाळी जगासमोर आणल्या. 1898 मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने रोगट वस्त्या पाडून रस्ते रुंद केले, पण उठवलेल्या माणसांच्या मानाने त्याने बांधलेल्या खोल्या थोड्या होत्या. बाकीचे उरलेल्या चाळींत आणखी दाटीवाटीने राहिले. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली म्हणून 1918 चा भाडेनिर्बंध कायदा आला. म्हणजे टंचाई आधीची, कायदा नंतरचा. 1920 मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारने डेव्हलपमेंट डिपार्टमेंटमार्फत पन्नास हजार खोल्या बांधायचं ठरवलं आणि खर्चासाठी कापसाच्या गाठीवर एक रुपया कर बसवला. प्रत्यक्षात 207 चाळी आणि सुमारे 16,000 खोल्या झाल्या. त्याच या बीडीडी चाळी. खोली साधारण 160 चौरस फुटांची. इतकी टंचाई असूनही वरळीतल्या अनेक खोल्या सुरुवातीची काही वर्षं रिकाम्या पडल्या, कारण ते भाडं गिरणी कामगाराला झेपत नव्हतं. घरं बांधली म्हणजे गरजवंताला मिळाली असं होत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा नियंत्रण आलं आणि 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने बहुतेक जुन्या जागांचं प्रमाणित भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधलं. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत असताना भाडेकरूला रस्त्यावर काढता येणार नाही, ही हमी फार मोलाची होती आणि ती देणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण वस्तू दुर्मीळ आणि तिचा दर गोठलेला, तर फरकाची रक्कम कुठून तरी वाट काढतेच. ती पगडीतून निघाली. पगडी घेणं 1947 च्या कायद्यानुसार गुन्हा होता, तरी ती पावतीशिवाय हातोहात दिली-घेतली जाई. खोली सोडणारा भाडेकरू नव्याकडून पैसे घेई आणि मालक भाडेपावती नव्याच्या नावावर करून देताना त्यातला वाटा, रूढीने साधारण एक तृतीयांश, घेई. भाडेकरूचा हक्क घरातल्या वारसाकडे जाई. त्यामुळे भाडं नाममात्र, हक्क जवळपास मालकीचा आणि आत शिरण्याची किंमत बाजारभावाची, असा संकर जन्माला आला. कायद्याने आत असलेल्याला जपलं. बाहेरच्याचा त्यात विचारच नव्हता.

बाहेरच्याने आपला मार्ग शोधला तो गावाच्या आधाराने. कोकणातल्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून गिरणगावात गावकीच्या खोल्या घेतल्या. एका खोलीत पंधरा-वीस गडी पाळीपाळीने झोपत, ट्रंक भिंतीला, जेवण खानावळीत. गोव्याच्या खलाशांनी धोबीतलाव, माझगाव भागात गावागावाचे कूड उभे केले. बोटीवरून उतरलेल्याला तिथे थोड्याशा वर्गणीत जागा मिळे. या व्यवस्थेत ओळख हीच अनामत होती. तिची दुसरी बाजूही विसरता येत नाही: जिथे ओळख हीच किल्ली, तिथे जातही किल्ली ठरते आणि जातवार चाळींची दारं दलितांना बंद राहत. आंबेडकर कुटुंब परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत अनेक वर्षं राहिलं. सार्वजनिक संस्था घरमालक असणं किती महत्त्वाचं होतं, याचा तो पुरावा मानायला हवा.

घरमालकांची बाजू खोटी नाही. पन्नास-साठ रुपये भाड्यात जिना दुरुस्त होत नाही, मग इमारती खचतात. 1969 मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करून उपकर बसवावा लागला आणि तेव्हा उपकरप्राप्त इमारती 19 हजारांहून अधिक होत्या. 1997 मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेलं प्रमाणित भाडं काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचं म्हटलं. मग 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली आणि पगडीलाही कायदेशीर मान्यता दिली. मला हा कबुलीजबाब वाटतो: उंबरठ्यावरची किंमत रोखता आली नाही, म्हणून ती मान्य केली.

पण नियंत्रण हटवलं की प्रश्न सुटतो, हा दावाही तपासायला हवा, कारण त्याचा प्रयोग झालेला आहे. 1 फेब्रुवारी 1973 ला ताब्यात असलेल्या परवानाधारकांना, म्हणजे लायसन्सवर राहणाऱ्यांना, कायद्याने भाडेकरूचं संरक्षण दिल्यावर मालक सावध झाले आणि पुढे अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार रूढ झाला. त्यात भाडं ठरवायला मालक मोकळा, मुदत संपली की घर परत. तरीही 2011 च्या जनगणनेत मुंबईत सुमारे 4.8 लाख घरं रिकामी होती, देशातल्या शहरांत सर्वाधिक. घराची किंमत भाड्यापेक्षा वेगाने वाढते तिथे मालकाला कुलूप परवडतं. आणि उंबरठा तसाच राहिला. काही महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत, वर दलालाची दलाली. कुठे ‘हेवी डिपॉझिट’, ज्यात मोठी रक्कम ठेवायची आणि दरमहा भाडं नाममात्र किंवा अजिबात नाही. पगडीशी त्याचं नातं उघड आहे. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्याने निवासी घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे, पण राज्याने तो स्वीकारला तरच तिला अर्थ. मासिक भाडं मोकळं ठेवून निदान ही एक रक्कम बांधली, तर नव्याने शहरात आलेल्या परिचारिकेला किंवा शिक्षकाला वर्षभराची बचत साठेपर्यंत नातेवाइकांच्या ओसरीवर झोपावं लागणार नाही.