पाळी, फेरी आणि खाट : वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या रुग्णालयीन क्रमाचा इतिहास

प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता भाषाभ्यासकाच्या क्षेत्राबाहेरचा वाटेल. वैद्यकाच्या विद्यार्थ्याने रुग्णालयातील कोणत्या विभागात, कोणत्या वेळी आणि किती दिवस शिकावे, याचे वेळापत्रक हा महाविद्यालयाच्या कार्यालयाचा प्रश्न आहे, असेच सामान्यतः मानले जाते. तथापि वेळापत्रक हीदेखील एक प्रकारची संहिताच होय. तिच्यात कोणाचा काळ गृहीत धरला आहे, कोणाचा वगळला आहे, हे तिच्या शब्दांवरून आणि रचनेवरून वाचता येते. इचलकरंजीसारख्या ज्या गावाचे जीवनच 'पाळी' या शब्दाभोवती फिरते, तेथे राहून या संहितेचा विचार करताना जे मुद्दे ध्यानात आले, ते येथे इतिहासक्रमाने मांडावयाचे आहेत.

१

प्रथम शब्दांचा विचार करू. रुग्णशय्येजवळच्या शिक्षणासाठी युरोपीय भाषांत रूढ झालेल्या 'क्लिनिक' या शब्दाचे मूळ ग्रीक 'क्लिने' म्हणजे खाट किंवा बिछाना या शब्दात आहे. मराठीनेही रुग्णालयाचे माप याच शब्दाने केले आहे. 'शंभर खाटांचे रुग्णालय' असे आपण म्हणतो. शंभर रुग्णांचे असे म्हणत नाही. रुग्ण बदलतात, खाट राहते. विद्यार्थ्यांच्या क्रमासाठी मात्र आपल्याकडे एक शब्द स्थिर झालेला नाही. बोलण्यात 'पोस्टिंग' आणि 'रोटेशन' चालतात. मराठीत 'फेरी' हा फिरण्याचा शब्द आहे आणि 'पाळी' हा क्रमाचा. संस्कृतातील ओळ, रांग, कड या अर्थांच्या 'पालि' शब्दाशी 'पाळी'चे नाते जोडले जाते. रांगेत ज्याचा क्रमांक येतो त्याची पाळी, हा अर्थविस्तार सहज समजण्याजोगा आहे. पदवीनंतरच्या वर्षासाठी शासनव्यवहारात 'आंतरवासिता' हा शब्द आला. गुरूजवळ राहणारा तो 'अंतेवासी', या जुन्या शब्दाची त्यात आठवण होते. रुग्णालयाच्या आत राहणारा तो 'इंटर्न', या पाश्चात्त्य कल्पनेशीही तो जुळतो.

खाट, पाळी आणि निवास या तीन शब्दांत या व्यवस्थेच्या इतिहासाचे तीन टप्पे सामावलेले आहेत, असे माझे प्रतिपादन आहे. विद्यार्थी प्रथम माणसाजवळ राहून शिकत असे. नंतर तो खाटेशी बांधला गेला आणि अखेरीस दिनदर्शिकेशी.

२

खाटेजवळच्या शिक्षणाचा आधुनिक आदर्श अठराव्या शतकाच्या आरंभी हॉलंडमधील लायडन येथे बूरहाव्ह यांनी घालून दिला. त्यांच्या हाताशी अवघ्या १२ खाटा होत्या. सहा पुरुषांच्या व सहा स्त्रियांच्या. तेथून ही परंपरा एडिंबरोस गेली. मुंबईस ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला लागून असलेले सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय ही दोन्ही १८४५ मध्ये सुरू झाली, आणि महाविद्यालयाची धुरा डॉ. चार्ल्स मोरहेड यांच्याकडे आली. मोरहेड यांचे शिक्षण एडिंबरो येथे झाले होते व पॅरिसमध्ये लुई यांच्याकडेही ते शिकले होते. रुग्णांच्या नोंदी काटेकोर ठेवून, त्या मोजून निष्कर्ष काढावयाचे, ही लुई यांची पद्धत होती. मोरहेड यांनी १८५६ मध्ये भारतातील रोगांवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा आधार मुंबईच्या युरोपियन जनरल रुग्णालयातील आणि जमशेटजी रुग्णालयातील खाटांवरील नोंदी हाच होता. शिक्षणसंस्था आणि रुग्णालय एकाच आवारात असावे, हा आज स्वयंसिद्ध वाटणारा विचार आपल्या प्रदेशात येथे प्रथम ठामपणे रुजला. भाऊ दाजी लाड हे या महाविद्यालयाच्या पहिल्या पदवीधरांपैकी होत.

या संस्थेच्या इतिहासातील दुसरी घटना भाषाभ्यासकाला अधिक महत्त्वाची वाटते. १८६१ मध्ये तेथे मराठी व गुजराती माध्यमाचे वर्ग सुरू झाले. डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्यांनी मराठीत वैद्यकीय ग्रंथरचना केली, ती याच काळात. पुढे ही व्यवस्था टिकली नाही आणि वैद्यक इंग्रजीतच स्थिरावले. परिणाम असा झाला, की विद्यार्थी रोगाचे वर्णन एका भाषेत शिकू लागला आणि रुग्णाचे गाऱ्हाणे दुसऱ्या भाषेत ऐकू लागला. या दोन भाषांची गाठ जेथे पडते ती एकच जागा उरली, आणि ती म्हणजे खाट. म्हणूनच खाटेजवळ किती वेळ घालवावयाचा, हा प्रश्न केवळ प्रशासकीय राहत नाही.

३

दक्षिण महाराष्ट्रात या इतिहासाची शाखा मिरजेस फुटली. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये या भागात आले आणि १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उभे राहिले. तेथे आरंभी जे शिक्षण झाले, ते माणसाजवळ राहून शिकण्याचे. शस्त्रक्रियेत मदत करणारा तरुण हाच विद्यार्थी होता आणि त्याचे वेळापत्रक म्हणजे गुरूचा दिवस. यात पाळी नव्हती, म्हणून कोणता विषय सुटला याची मोजदादही नव्हती. पण रुग्ण दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत शिकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असे.

१९६२ मध्ये राज्य शासन आणि मिरजेची ही मिशनसंस्था यांच्या सहकार्याने मिरज वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. विद्यार्थी शासनाचे आणि खाटा मिशनच्या, असा तो त्या काळी आगळा प्रयोग होता. सांगलीचे शासकीय रुग्णालयही या शिक्षणाशी जोडले गेले. येथे एक नवी गोष्ट घडली. एका आवारातील फेरीचे रूपांतर दोन गावांमधील फेरीत झाले. वेळापत्रकाला आता अंतराचाही हिशेब ठेवणे भाग पडले. पुढे १९८९ मध्ये कोल्हापुरात डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि या शतकाच्या आरंभी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू होऊन छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे त्याचे शिक्षणरुग्णालय झाले. इचलकरंजीचा रुग्ण मोठ्या उपचारांसाठी जातो तो मिरज-सांगलीकडे किंवा कोल्हापूरकडे. म्हणजे या गावाचे दुखणे दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांचे पाठ्य आहे.

४

विद्यार्थ्यांची संख्या वाढली की खाट पुरत नाही, आणि मग पाळी येते. समजा, शंभर विद्यार्थी आहेत. त्यांचे क, ख, ग, घ असे पंचवीसांचे चार गट केले आणि वैद्यक, शल्य, प्रसूती व इतर असे चार विभाग धरले. प्रत्येक गट प्रत्येक विभागात एकदा जावा आणि एका वेळी एका विभागात एकच गट असावा, ही अट घातली, की जी मांडणी तयार होते तिला गणितात 'लॅटिन चौकोन' म्हणतात. ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात तिचा अभ्यास केला आणि विसाव्या शतकात फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांत ती वापरली. कार्यालयातील लिपिक हे नाव न जाणताही तीच मांडणी करतो: दर सत्राला प्रत्येक गट एक घर पुढे.

ही मांडणी न्याय्य दिसते, परंतु तिच्यात दोन उणिवा दडलेल्या आहेत. पहिली क्रमाची. एकेक घर पुढे सरकणाऱ्या चौकोनात शल्यविभागात येणारा प्रत्येक गट वैद्यक विभागातूनच येतो. अपवाद फक्त ज्याचा आरंभच शल्याने झाला त्याचा. हा गट रुग्णाची हकीकत कशी विचारावी हे न शिकताच शस्त्रक्रियेच्या खाटेपाशी उभा राहतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९७ च्या नियमांत तिसऱ्या सत्राच्या आरंभी सर्व वर्गाला एकत्रितपणे वैद्यक व शल्य यांतील तपासणीच्या पद्धती प्रत्येकी दोन आठवडे शिकवाव्यात, अशी तरतूद होती. ती याच उणिवेवरचा उपाय होती.

दुसरी उणीव ऋतूची. चौकोनाच्या दृष्टीने सर्व महिने सारखे; रोगाच्या दृष्टीने नव्हेत. पावसाळ्यात वैद्यक विभागात असलेला गट सर्पदंश, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस पाहतो. हिवाळ्यात बालरोग विभागात असलेला गट न्यूमोनियाची मुले पाहतो. उसाच्या हंगामात बाहेरगावच्या तोडणी-मजुरांची कुटुंबे या जिल्ह्यात उतरतात, तेव्हा प्रसूतिविभागात असलेल्या गटास गर्भारपणात एकदाही तपासणी न झालेल्या स्त्रिया भेटण्याचा संभव अधिक. सारांश, एकाच महाविद्यालयातील चार गट चार निरनिराळी वैद्यके शिकून बाहेर पडतात आणि गुणपत्रिकेत मात्र हा भेद कोठेही उमटत नाही.

५

आता इचलकरंजीकडे वळू. नारायणराव घोरपडे यांच्या जहागिरीच्या काळात, १९०४ मध्ये, विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग आणला. पुढे या गावाचा विस्तार झाला तो मागांच्या आवाजाबरोबर. २०२२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. या गावात 'पाळी' हा शब्द कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. दिवसपाळी आणि रातपाळी अशा बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत माग चालविण्याची रीत येथे जुनी आहे. मागवाला, कांडीवाला, वहिफणी करणारा, सायझिंगमधला कामगार, जॉबर, या साऱ्यांचा दिवस पाळीने कापलेला असतो.

विद्यार्थ्याच्या खाटेजवळच्या शिक्षणाची वेळ बहुधा सकाळची, सुमारे तीन तासांची. बाह्यरुग्ण विभागाचीही मुख्य वेळ तीच. दिवसपाळीचा कामगार त्या वेळी मागावर असतो आणि रातपाळीचा नुकताच झोपलेला. म्हणजे दोन पाळ्या एकमेकींना छेद देतात, भेटत नाहीत. जो कामगार सकाळी येतो, तो एक दिवसाची मजुरी बुडवून येतो, आणि म्हणून दुखणे बळावल्यावरच येतो. विद्यार्थ्याला रोगाची अखेरची अवस्था दिसते. आरंभ दिसत नाही.

याचे एक स्पष्ट उदाहरण कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसविकाराचे आहे. हा विकार पिंजण व कताई या खात्यांत अधिक, विणकामात त्या मानाने कमी आढळतो. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांत शिलिंग यांनी १९५० नंतरच्या दशकात त्याच्या पायऱ्या ठरविल्या, त्या एका प्रश्नावर: छाती कोणत्या वारी दाटते? सुटीनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी त्रास सर्वाधिक, नंतर उतरता, ही त्याची प्रारंभीची खूण. या रोगाचे निदान आरंभी यंत्राने होण्यापेक्षा वाराने होते. वार विचारावयाचा, तर रुग्णाच्या आठवड्याची रचना ठाऊक हवी. त्याची सुटी कोणती, त्याची पाळी कधी बदलते, 'दम लागतो', 'छाती भरून येते' आणि 'छाती दाटते' या तीन प्रयोगांत तो कोणता भेद करतो, हे ठाऊक हवे. येथे मराठीबरोबर कन्नड बोलणारा शेजारी आणि हिंदी बोलणारा उत्तरेकडील कामगारही आहे. क्षयरोग व छातीच्या विभागात दोन आठवड्यांपुरता आलेला विद्यार्थी हे सर्व कधी शिकणार?

६

या अडचणीची जाणीव धोरणकर्त्यांना झाली नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. भोर समितीने १९४६ मध्ये प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकास अभ्यासक्रमात मानाचे स्थान मागितले. सेवाग्राम येथे १९६९ मध्ये सुशीला नय्यर यांनी स्थापिलेल्या महाविद्यालयाने विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एका खेड्याशी जोडून दिली. १९७७ मध्ये प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने प्राथमिक आरोग्य केंद्रांची जबाबदारी घ्यावी, अशी योजना केंद्र शासनाने काढली. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याकडे ठराविक रुग्ण सोपवून त्यांचा पाठपुरावा त्याच्याकडून करून घेण्याची पद्धत नियमाने आली. हा, माझ्या मते, पाळीच्या युगात माणसाजवळ राहण्याचा जुना धागा पुन्हा गुंफण्याचा प्रयत्न होय.

तथापि सोपविलेला रुग्ण घरी गेला आणि विद्यार्थी पुढच्या विभागात गेला, की हा धागा पुन्हा तुटतो. यावर तीन साध्या सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, एका दीर्घ सत्राऐवजी मुख्य विभागांतील काळ दोन ऋतूंत विभागावा. दुसरी, आठवड्यातील एक पाठ सायंकाळी, पाळी बदलण्याच्या वेळी, कामगारवस्तीजवळच्या दवाखान्यात व्हावा. तिसरी, रुग्णाची हकीकत लिहिताना त्याचे मूळ शब्द त्याच्याच भाषेत प्रथम नोंदवावेत आणि वैद्यकीय संज्ञा नंतर. यांपैकी कोणतीही सूचना नव्या खाटेची मागणी करीत नाही. पहिल्या दोन सूचना लिपिकाचे काम वाढवितात, हे मान्य करावयास हवे. ऋतूंत विभागलेला चौकोन मांडणे अधिक कष्टाचे आहे.

लायडनच्या १२ खाटांपासून आजच्या शेकडो खाटांपर्यंतच्या प्रवासात विद्यार्थ्याला सर्व विभाग समान मिळावेत, या न्यायबुद्धीने पाळीची व्यवस्था घडली. ती टाकून देण्याचे कारण नाही. परंतु खाटेवर पडलेल्या माणसालाही स्वतःची एक पाळी असते, तिला वार असतो आणि हंगाम असतो. वेळापत्रकाच्या चौकोनात अद्याप तिला घर मिळालेले नाही.