एका मुलाला टाइप 1 मधुमेह असेल, तर भावंडालाही होतो का?

घरातल्या एका मुलाला टाइप 1 मधुमेह झाल्याचं कळलं की आई-वडिलांचा पुढचा प्रश्न बहुतेकदा दुसऱ्या लेकराबद्दल असतो. यालाही होईल का?

बहुतेक भावंडांना होत नाही. युरोप-अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार सर्वसाधारणपणे हजारात 4 जणांना हा आजार होतो, तर रुग्णाच्या सख्ख्या भावंडांमध्ये शंभरात 5 ते 6 जणांना. धोका दहापटींहून जास्त आहे, तरी शंभरातली 94-95 भावंडं सुटतात.

या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. जास्त गोड खाल्ल्यामुळे हे होत नाही, कुणी कितीही सांगो. आपलं काय आणि परकं काय हे ओळखण्यात एचएलए जनुकांचा मोठा वाटा असतो. ही जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात. एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. त्यामुळे दोन भावंडांचे दोन्ही संच जुळण्याची शक्यता चारात एक, आणि एकही न जुळण्याची तेवढीच. दोन्ही जुळले तर धोका वाढतो. पण सगळी जनुकं सारखी असलेल्या जुळ्यांमध्येही दुसऱ्याला हा आजार होतोच असं नाही.

पुण्याचं केईएम रुग्णालय, हैदराबादची सीसीएमबी आणि ब्रिटनचं एक्सेटर विद्यापीठ यांच्या 2020 मधल्या अभ्यासात, युरोपीय माहितीवर बेतलेला जनुकीय गुणांक भारतीय रुग्णांमध्येही टाइप 1 आणि टाइप 2 वेगळे ओळखायला उपयोगी ठरला. भावंडांचं भविष्य सांगण्यासाठी मात्र तो तपासलेला नव्हता.

त्यासाठी जास्त बोलकी तपासणी म्हणजे रक्तातली ऑटोअँटिबॉडी. दोन किंवा अधिक प्रकारच्या सापडल्या, तर सुमारे 70 टक्के मुलांना 10 वर्षांत मधुमेह होतो. अमेरिकेत 2022 मध्ये मंजूर झालेलं टेप्लिझुमॅब हे औषध अशांपैकी साखर बिघडू लागलेल्यांमध्ये आजार सुमारे दोन वर्षं लांबवू शकतं.

यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा 44 अंशांवर जातो, तेव्हा मुलाची तहान उन्हाच्या खात्यात जमा होते. फरक लघवीत दिसतो. उन्हाने तहानलेलं मूल कमी वेळा लघवीला जातं. साखर वाढलेलं मूल पुन्हा पुन्हा जातं, रात्री अंथरूण ओलं करू लागतं, वाळत जातं. अशा घरात ग्लुकोमीटर बहुधा असतोच. अशी लक्षणं असताना साखर 200 किंवा त्याहून जास्त आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. उलट्या, पोटदुखी किंवा खोल श्वास सुरू झाला असेल, तर सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावं; यवतमाळमध्ये वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.