जीपला करवत जोडायचे तेव्हा

जीप म्हटली की आपल्याला आठवते ती मिलिटरीची, नाहीतर सिनेमातल्या हिरोची. पण मंडळी, तिचा एक तिसरा अवतार आहे आणि मला तोच जास्त आवडतो.

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्डनं मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. युद्ध संपल्यावर गिऱ्हाईक कोण? विलीजनं शेतकरी शोधला. १९४५ मध्ये सीजे-२ए आली. सीजे म्हणजे सिव्हिलियन जीप. मागे उघडणारा फाळका, आणि जादा पैसे मोजले तर पीटीओ, म्हणजे आपल्या ट्रॅक्टरला असतो तसा इंजिनाची ताकद बाहेर काढून देणारा दांडा. त्यावर पट्टा चढवून लोक पंप चालवायचे, लाकडं कापायची गोल करवत चालवायचे. गाडी झाडापर्यंत जाणार आणि कापणार पण तीच!

आपल्याकडे १९४५ मध्येच 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही पोलादाच्या व्यापारातली कंपनी निघाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. मुंबईत माझगावला विलीजच्या जीपा जोडल्या जाऊ लागल्या. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी आली (आतलं हरिकेन इंजिन उंच, म्हणून बॉनेट उंच) आणि कित्येक दशकं टिकली. पण इथे ती वावरात फारशी राबली नाही, साहेबाची गाडी झाली. तहसीलदार, फौजदार, फॉरेस्टवाले. वावरातलं काम ट्रॅक्टरनं घेतलं, आणि १९६३ पासून त्या धंद्यातही महिंद्रा होतेच.

हे सगळं उकरायचं कारण माझा मावसभाऊ. संभाजीनगरात तो झाडं छाटायची, पडलेली उचलायची कामं घेतो. शहरात अडचण नाही, रस्ते आहेत (खड्डे गृहीत धरून). पण गेल्या सप्टेंबरात पैठणकडच्या मोसंबीच्या बागेत त्याचा साधा पिकअप काळ्या मातीत रुतला. ही माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते, मग चाक नुसतं जागच्या जागी फिरतं. ट्रॅक्टर बोलावला, अर्धा दिवस गेला, मजुरांची रोजी अंगावर. आता कर्ज काढून फोर-व्हील घेतोय. मन बसलंय थारवर.

"दादा, थार घेतली की गिऱ्हाईक पण इज्जत देतं," असं त्याचं म्हणणं. खोटं नाही ते. पण करवती, दोर, शिडी आणि चार माणसं थारमध्ये बसवून दाखव म्हटलं! ओलं लाकूड घनमीटरला टनाच्या आसपास भरतं. त्याला हवी डबल केबिनची, मागे उघडा हौदा असलेली गाडी, बोलेरो कॅम्परसारखी, आणि तीही फोर-व्हीलच. सोबत लो रेंज हवीच. युद्धातल्या जीपलाही ती होती: वेग घटतो, चाकाला जोर मिळतो, ओंडका हळूहळू ओढता येतो.

जाता जाता, जानेवारी २०२३ पासून थारसुद्धा फक्त मागच्या दोन चाकांवर चालणारी मिळते. विलीजवाल्यांना हे सांगितलं असतं तर हसले असते. तेव्हा बुकिंगच्या कागदावर फोर बाय फोर लिहिलंय का ते आधी वाचायचं, रंग नंतर.