थंडीतली शिबिरं आणि अंबडच्या आज्या

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला, तेव्हा अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. तो आता ज्यात आहे तो जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्या काळी गरिबाने मोतीबिंदू काढायचा म्हणजे शिबिराची वाट पाहायची. शिबिरं भरत ती बहुधा थंडीत, कारण उन्हाळ्या-पावसाळ्यात डोळा चिघळतो हा समज पक्का. आता अंबडकडचे तेच महिने बघा. कापसाची वेचणी भरात, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघालेल्या, मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. मोतीबिंदूवाली आजी फडावर जात नाही हे खरं, पण नातवंडं तिच्या पदरात टाकून घर रिकामं झालेलं असतं. तिला शिबिराला नेणार कोण? शस्त्रक्रिया फुकट झाली, सोबत फुकट झाली नाही. बायांचं अंधत्व लांबलं ते पैशाइतकंच या हंगामामुळे, असं माझं म्हणणं आहे.

बाया जास्त जगतात म्हणून त्यांच्यात अंधत्व जास्त, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे, पण समवयस्कांची तुलना केली तरी शस्त्रक्रियेत बाया मागे असल्याचं देशातल्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. अज्ञानाला दोष देणंही सोपं आहे. ‘पिकू द्या, मग काढू’ हा सल्ला जुन्या पद्धतीत डॉक्टरच देत. तेव्हा भिंग काढून टाकत, नवं बसवत नसत. जाड काचांचा चष्मा चुलीपुढे फुटला की आजी पुन्हा चाचपडायला लागे. १९९४ नंतर जागतिक बँकेच्या मदतीचा प्रकल्प महाराष्ट्रासह सात राज्यांत आला, कृत्रिम भिंग सरसकट झालं, आणि हंगामाचं वैद्यकीय कारणही उरलं नाही. अंबडहून पंचवीसेक किलोमीटरवर जालन्यात गणपती नेत्रालय आहे. आजी मात्र अजून दिवाळीनंतरचंच बोलते.

मुलांचं गणित निराळं. त्यांचं अंधत्व टाळण्यासाठीचा ‘अ’ जीवनसत्त्वाचा कार्यक्रम १९७० चा. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लशीबरोबर पहिला डोस, पुढे दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत. फडावर गेलेल्या पोराचे मधले डोस हुकण्याचा धोका उघड आहे. जन्मजात मोतीबिंदूत तर उशीर भरूनच निघत नाही. आजीचं भिंग वर्षाने बदललं तरी तिला दिसतं. तान्ह्या पोराचा मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकलाच नाही, तर पुढे कितीही चांगलं भिंग बसवा, नजर अधूच राहते.